आमचा कूलर रायपूरहून बंद होतो

नागपूरच्या सुभाष नगरला मेट्रोत बसायचं, फोनचं ब्लूटूथ उघडायचं आणि सीताबर्डी येईपर्यंत ती यादी पाहत बसायचं, हा माझा सध्याचा टाइमपास आहे. रील्सपेक्षा बरा. एअरडोप्स (बोट कंपनीचे कानातले बड्स), एअरडोप्स, परत एअरडोप्स, मध्येच कोणाचं घड्याळ, मग एखादी नुसती आकड्या-अक्षरांची लांब ओळ जिला धड नाव पण नाही, मग "विक्की भाई के बड्स", आणि एकदा तर चक्क "हात नको लावू". शंकर नगरला दारं उघडली की पाच-सहा नावं गळतात आणि तेवढीच नवीन येतात. बरं, फोनला आधीच जोडलेले बड्स बऱ्याचदा या यादीत दिसत पण नाहीत, म्हणजे खरी गर्दी याहून जास्तच. डब्यात माणसं किती आणि वस्तू किती असा हिशोब केला तर वस्तूच जास्त भरतील, कारण एकेका पोराच्या अंगावर कानात दोन, मनगटावर एक आणि बॅगेच्या चेनला लटकवलेला, हरवलं तर शोधायचा टॅग वेगळा.

ब्लूटूथ तसं जुनंच आहे. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा अशा पाच कंपन्यांनी मिळून त्याचा गट काढला. २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात ते चालतं तो आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, वाय-फाय पण तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनपण तिथेच, म्हणून किचनमध्ये ओव्हन चालू असला की कानातलं गाणं कधीकधी अडखळतं. पण आपल्यासाठी कितीतरी वर्षं ब्लूटूथ म्हणजे एका फोनमधून दुसऱ्यात गाणी पाठवायची सोय, नाहीतर कानावर निळा दिवा लुकलुकणारा ठोकळा लावून फिरणारे प्रॉपर्टी डीलर. खरा फरक पडला तो २०१० च्या ४.० आवृत्तीने. त्यात कमी वीज खाणारा प्रकार आला, म्हणजे वस्तू जवळजवळ सगळा वेळ झोपलेली, मध्येच जागी होते, फोनशी दोन शब्द बोलते आणि परत झोपते. तेव्हापासून बटणाएवढ्या सेलवर वर्षभर चालणारे टॅग न् सेन्सर शक्य झाले.

मग आलं २०१६. सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात, ५ तारखेला जिओ सुरू झालं आणि ७ तारखेला ॲपलने हेडफोनची पिन लावायला जागाच नसलेला आयफोन ७ दाखवला. दोन्हीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आपल्याकडे त्यांनी मिळून जे केलं ते बघा. डेटा स्वस्त झाला म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ आला, आणि प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ आला की प्रत्येकाच्या कानात काहीतरी पाहिजे, नाहीतर हॉलमध्ये एकाच वेळी कीर्तन, क्रिकेट आणि कोरियन सिरियल. एअरपॉड्स त्या डिसेंबरमध्ये विकायला आले तेव्हा किंमत होती पंधरा हजाराच्या वर, कोण घेणार बाप्पा. पण बोट, नॉइज अशा आपल्याकडच्या कंपन्या त्याच सुमारास पुढे आल्या, आणि बघता बघता तोच प्रकार हजार-बाराशेत बर्डीच्या (म्हणजे सीताबर्डीच्या) फुटपाथवर येऊन पडला. २०२२ च्या बजेटमध्ये कानात आणि मनगटावर घालायच्या वस्तू इथेच बनाव्यात म्हणून सुट्या भागांच्या आयात शुल्काच्या पायऱ्या पण ठरवून दिल्या.

आकडे ऐका. आयडीसी नावाची बाजार मोजणारी संस्था आहे, तिच्या हिशोबाने भारतात असल्या अंगावर घालायच्या वस्तू २०२२ मध्ये दहा कोटी गेल्या आणि २०२३ मध्ये १३ कोटी ४२ लाख. २०२२ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत तर काउंटरपॉइंट या अशाच दुसऱ्या संस्थेच्या मोजणीत भारत स्मार्टवॉचचा जगातला सगळ्यात मोठा बाजार ठरला, उत्तर अमेरिकेला मागे टाकून. आणि मग २०२४ मध्ये आकडा घसरला, ११ कोटी ९० लाखांवर आला. कानातल्या वस्तू थोड्या का होईना वाढल्याच, पडलं ते घड्याळ, एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. जाणकार म्हणतात नवीन काही नव्हतं, लोकांनी जुनं बदललं नाही. असेल. पण मला वाटतं कोणीतरी लोकांच्या घरातले ड्रॉवर पण मोजायला पाहिजेत. आमच्याच बिल्डिंगमध्ये बंद पडलेल्या किंवा कोणालाच जोडता न आलेल्या घड्याळींची एक बादली सहज भरेल.

जोडता न आलेल्या, हे महत्त्वाचं आहे. बर्डीवर एक दुकान आहे, मोबाइलचे कव्हर, काचा, चार्जर, बड्स, घड्याळी सगळं लटकवलेलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. तिथला भाऊ मोकळा असला की बोलतो. तो म्हणाला, "ताई, घड्याळ विकणं काहीच नाही. त्याच्यानंतर ॲप टाकून देणं, ते खरं काम आहे. माणूस येते, म्हणते कनेक्ट नाही होऊन राहिलं. मी पाहतो तं लोकेशन बंद. म्हटलं चालू करा. तं म्हणते, कायले? मी कुठं जातो ते घड्याळीले कायले पाहिजे?"

त्या माणसाचा प्रश्न रास्त आहे. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ साधनं शोधायची तर ॲपला लोकेशनची परवानगी मागावीच लागायची, कारण आजूबाजूला कुठकुठली साधनं आहेत हे कळलं की तुम्ही कुठे आहात तेही कळू शकतं. म्हणजे गूगलने एका अर्थी खरं तेच सांगायला लावलं होतं. १२ पासून ब्लूटूथची परवानगी वेगळी झाली, पण जुने फोन आहेतच की, आणि जुने फोन कोणाकडे असतात तर घरातल्या म्हाताऱ्यांकडे. हा मुद्दा पुढे परत येईल.

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मला हे सगळं लिहावंसं वाटलं. म्हणाला, सगळ्यात जास्त लोक येतात ते बिघडलं म्हणून नाही, तर पोराने जोडून दिलेलं असतं म्हणून. "पोरानं त्याच्या फोनवर चालू करून देल्लं, पोरगा गेला पुण्याले, घड्याळ राह्यलं इथं. आता ते यांच्या फोनवर घेतच नाही. मंग मी रिसेट मारतो. रिसेट मारलं का जुनं सगळं गेलं. मंग ते म्हणते माझे दोन वर्षाचे पावलं कुठं गेले."

खोक्यावर बघा ना, सगळीकडे एकच चित्र असतं. एक तरतरीत मुलगी किंवा मुलगा, एकटा, पळतोय, हातात फोन, मनगटावर घड्याळ. ही सगळी बाजारपेठ त्या एकट्या माणसासाठी आखलेली आहे. एक माणूस, त्याचा एक फोन, त्याचा एक ईमेल, त्याचं एक खातं. आणि आपण ती वस्तू घेऊन येतो अशा घरात जिथे फोन तीन जण वापरतात, ईमेल कोणाचा होता ते आठवत नाही, ओटीपी मुलाच्या नंबरवर येतो आणि वस्तू घालणारा माणूस वेगळाच. आमच्या घरात कोणती वस्तू कोणाच्या नावावर आहे याची यादी केली तर तलाठी चक्कर येऊन पडेल. बाबांचं (म्हणजे माझे सासरे) घड्याळ माझ्या लेकीच्या फोनवर. लेकीचे बड्स तिचेच, पण त्यांचं ॲप माझ्या ईमेलवर, कारण तेव्हा ती लहान होती. आईंचं (म्हणजे सासूबाईंचं) बीपीचं मशीन दिराच्या फोनवर, दीर पुण्यात, त्यामुळे मशीन नुसतं आकडा दाखवतं आणि त्या तो देवघरातल्या कालनिर्णयवर पेनाने लिहितात. माझ्या मते सगळ्यात भरवशाची सिस्टीम तीच आहे, पण ते जाऊ द्या.

बाबांचं सांगते. संध्याकाळी बागेतून परत आले की ते चप्पल काढतात आणि सरळ नातीच्या खोलीच्या दारात जाऊन मनगट पुढे करून उभे राहतात. घड्याळीवर आकडा त्यांना दिसतोच, पण ॲपमध्ये गेल्याशिवाय तो खरा नाही असं त्यांच्या मनाने घेतलंय. नात ट्यूशनला गेली असली तर बाबा बेचैन. "माझे पावलं तिच्याजवळ अडकले," म्हणतात. रात्री ती येते, बूट काढायच्या आत आजोबा हजर, मग ती स्क्रीन खाली ओढते, गोल फिरतं, फिरतं, आणि आकडा येतो. मग आजोबा जेवायला बसतात. माझी लेक वैतागते का तर हो, पण तिने आजोबांच्या खात्याला डीपी म्हणून त्यांचा काळा गॉगल घातलेला फुटाळा तलावावरचा फोटो लावलाय.

दिराला पण ते दिसतं, लेकीने त्याला फॅमिलीमध्ये ॲड केलंय. मग रविवारी फोन येतो, बाबा गुरुवारी फिरायला गेले नाहीत का. आता सत्तरी उलटलेल्या माणसाला त्याच्या पोराने पुण्याहून हजेरी विचारायची म्हणजे काय. बाबा बोलले काहीच नाहीत. पण त्यांनी शोधून काढलं की घड्याळीला पाय कळत नाही, हात कळतो, आतला सेन्सर मनगटाचा हिसका मोजतो. थंडीचे दिवस होते, घरी तुरीच्या शेंगा आल्या होत्या, बाबा सूपभर शेंगा घेऊन टीव्हीसमोर बसले. घड्याळीचा हात जरा जास्तच हलवत सोलल्या. पुण्याला रिपोर्ट एकदम मस्त गेला, आणि आम्हाला सोलेभाजी मिळाली.

त्यांच्या बागेतल्या बाकावर तर रोज प्रयोगशाळा भरते. एकाने आपलं घड्याळ काढून हातातल्या काठीला बांधलं, तर काठीचे ठोके ७२. सगळे खूश. हे काही जादूटोणा नाही, घड्याळीच्या पोटाखाली जो हिरवा दिवा असतो तो कातडीवर उजेड टाकतो, रक्त जसं येतं-जातं तसा परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून ठोके काढतात. खाली कातडी आहे की लाकूड हे ओळखायचं काम सॉफ्टवेअरचं, आणि स्वस्त घड्याळीत ते काम कोणी मनावर घेतलेलं नसतं. चांगल्या घड्याळी बसल्या जागी ठोके बऱ्यापैकी बरोबर सांगतात. पण शुगर सांगणारं घड्याळ मागायला जे लोक दुकानात येतात त्यांना मी हात जोडून सांगते, नका घेऊ. औषधं न् उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की कातडीला न टोचता शुगर मोजतं म्हणणाऱ्या एकाही घड्याळीला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवायचा, बारीक तार कातडीखाली जाणारा सेन्सर असतो, तो वेगळा, तो खरंच मोजतो, त्यातला एक चौदा दिवस चालतो आणि फोनवर वाचता येतो. पण तो महाग आहे, आणि त्याचंही ॲप कोणाच्या फोनवर टाकायचं हा प्रश्न आहेच.

आता कूलरचं. नागपुरात मे महिन्यात कूलर म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून समजत नाही. दुपारी ४५-४६ डिग्री, रात्री भिंती गरम, आणि खिडकीत तो लोखंडी खोका घुंघुं करत असतो म्हणून माणूस झोपतो. आमच्या ह्यांनी त्याला स्मार्ट प्लग लावला, म्हणजे फोनवरून चालू-बंद करता येणारा. विचार चुकीचा नव्हता, टाकीतलं पाणी संपून पंप कोरडा चालला की जळतो, म्हणून पहाटे आपोआप बंद व्हावा. हे टूरवर असतात बरेचदा. तर त्या दिवशी हे रायपूरला, हॉटेलात, एसीत. रात्री दोनला यांना जाग आली, सवयीने फोन पाहिला, ॲपमध्ये दिसलं कूलर संध्याकाळपासून चालू, पाणी संपलं असेल म्हणून यांनी तिथून बंद केला.

इकडे आम्ही सगळे पाच मिनिटांत घामाने जागे. मला वाटलं लाइट गेली, तर फॅन चालू. मग लक्षात आलं, अंधारात कूलरच्या मागे हात घालून प्लगवरचं बटण दाबलं, घर्रर्र करून चालू झाला. मी आडवी होते न होते तोच बंद. परत उठले, परत दाबलं. परत बंद. आई म्हणाल्या, "काय करून राहिली गं, भूतबाधा झाली का त्याले?" तिकडे यांना वाटत होतं ॲप गंडलंय, आपण बंद करतोय आणि ते परत चालू दाखवतंय. शेवटी मी फोन केला तर म्हणतात कसे, "अगं तू झोपली असशील म्हणून उठवलं नाही!"

यातलं तंत्र साधं आहे, रायपूरच्या फोनमधून हुकूम निघतो, इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो आमच्या घरच्या राउटरमार्फत प्लगला पोचवतो, सगळं मिळून डोळ्याची पापणी लवायच्या आत. कूलरपासून दोन हातांवर झोपलेली मी आणि तीनशे किलोमीटरवर बसलेले हे, सर्व्हरच्या लेखी दोघंही सारखेच लांब. सारखेही नाही म्हणा, कारण खातं त्यांचं. मी त्यात "मेंबर" पण नव्हते. सकाळी त्यांनी मला आणि आईंना जोडलं, तेव्हा आईंना कळलं की ॲपमध्ये एक ॲडमिन असतो आणि बाकीचे मेंबर. तो काय करतो, तर कोणालाही काढू शकतो. आई म्हणाल्या, "घर माझ्या नावावर, कूलर माझ्या पैशाचा, पाणी मी भरतो, अन् ॲडमिन हा?"

मला वाटतं या कंपन्यांनी आपलं रेशन कार्ड एकदा नीट पाहावं. एका कार्डावर घर असतं, घरातली माणसं असतात, कुटुंबप्रमुख कोण ते लिहिलेलं असतं, आणि अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ मध्ये सरकारने ती जागा घरातल्या मोठ्या बाईला दिली. ॲपमधलं "होम" मात्र ज्याने आधी डाउनलोड केलं त्याचं. नंतर बदलता येतं, काही ॲपमध्ये नुसतं बटण असतं, काहींत सगळं पुसून पहिल्यापासून, पण बदलतं कोण.

या सगळ्यात मला एक वस्तू मनापासून पटते, ती म्हणजे पोहेवाल्याकडचा साउंडबॉक्स. पेटीएमने तो २०१९ मध्ये आणला, मग बाकीच्यांनी. त्याच्यात स्वतःचं सिम असतं, म्हणजे पोहेवाल्याचा फोन घरी राहिला, बंद पडला, पोरगी घेऊन गेली, काही फरक पडत नाही. गर्दीच्या वेळी त्याचा एक हात पोह्यात, दुसरा तर्रीच्या पळीवर, चिवडा टाकायचा, कांदा टाकायचा, मान वर करायलाही फुरसत नाही, आणि तो डबा ओरडतो चाळीस रुपये प्राप्त झाले. बस. ही वस्तू बनवणाऱ्याने दुकानात उभं राहून पाहिलंय हे कळतं. ज्याला वापरायची आहे त्याला ॲप उघडायलाच लावलं नाही. आमच्याकडच्या दादाला मी एकदा म्हटलं, किती सोयीचं झालं ना हे. तो हसला आणि म्हणाला, पहिल्या वर्षी तर गंमतच होती, क्यूआर लहान भावाच्या खात्याचा, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. "आवाज यायचा माझ्याजवळ, पैसे जायचे त्याच्याजवळ." मग भावाचं लग्न झालं. मग दादाने स्वतःचं खातं जोडलं. मधलं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

म्हणजे साउंडबॉक्ससुद्धा यातून सुटला नाही.

उन्हाबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे, नागपूरचं लिहायचं आणि ऊन सोडायचं असं होत नाही. या सगळ्या वस्तूंच्या पोटात लिथियमची बॅटरी, आणि तिला साधारण शून्य ते ४५ डिग्रीच्या आतच चार्ज करावं असं मानतात. दुपारी अंगणात उभ्या ॲक्टिव्हाच्या डिक्कीत याच्या कितीतरी वर पारा जातो, आणि आपली पोरं बड्सची डबी तिथेच ठेवून पेपर द्यायला जातात. तोंडाला पूर्ण दुपट्टा गुंडाळलेल्या, नुसते डोळे दिसणाऱ्या पोरी गाडीवर एकट्याच बोलत जाताना दिसतात ना, त्यांच्या कानात आतमध्ये बड असतो. दुपट्ट्याच्या आतला घाम त्याच्या जाळीत जातो. खोक्यावर पाण्याचं रेटिंग लिहिलेलं असतं, पण ती चाचणी साध्या पाण्याची, मिठाच्या घामाची नाही. बर्डीवरच्या भावाकडे एक डबा आहे, त्यात नुसते सुटे बड, डाव्यांचा वेगळा कप्पा, उजव्यांचा वेगळा. ज्याचा हरवला त्याला तो जुळवून देतो. दुरुस्ती मात्र जवळजवळ करत नाही, कारण उघडताच येत नाहीत, सगळं चिकटवलेलं, बॅटरी बदलायची तर खोळ फोडावी लागते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, गोळा करून रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आहे. आमच्या वॉर्डात मात्र मेलेले बड ओल्या-सुक्याच्या भांडणात सुक्या डब्यात जातात.

आणि सगळ्यांत वरचा ॲडमिन तर घरात नसतोच. पेबल नावाचं घड्याळ होतं, २०१२ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर लोकांनी एक कोटी डॉलरच्या वर पैसे आधीच भरून ते बनवून घेतलं. २०१६ मध्ये फिटबिट या दुसऱ्या घड्याळवाल्या कंपनीने तिची बरीच माणसं आणि सॉफ्टवेअर घेतलं, २०१८ च्या जूनमध्ये सर्व्हर बंद. घड्याळी चांगल्या होत्या, चालत होत्या, तरी अर्ध्या गोष्टी गेल्या, मग वापरणाऱ्यांनीच मिळून स्वतःची सेवा उभी केली. बेल्किन कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या वेमो प्रकारातल्या बहुतेक स्मार्ट प्लग न् स्विचचं ॲप ३१ जानेवारी २०२६ नंतर चालणार नाही. भिंतीतला प्लग धडधाकट, पण त्याच्याशी बोलणारं दुसऱ्या टोकाला कोणी नाही. माझ्या माहेरचा उषाचा पंखा माझ्या जन्माआधीचा आहे आणि तो अजून कोणाला विचारून फिरत नाही.

कोण काय पाहतं हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, माझे पावलं पाहून कोणाला काय मिळणार. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्रावा नावाच्या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या पळणाऱ्यांचे रस्ते एका नकाशावर चकचकीत करून टाकले, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटातले अमेरिकन लष्करी तळ त्यात उजळून दिसतात, कारण सैनिक घड्याळ घालून कुंपणाच्या आतून पळत होते. आपल्याकडे वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, संमती घ्यावी, ती परत घेता यावी, वगैरे सगळं त्यात आहे. पण बाबांच्या घड्याळीच्या वेळी संमतीचं बटण दाबलं माझ्या लेकीने, तेव्हा पंधरा वर्षांची, मॅगी खाता खाता. कायद्यानं अठराच्या खालच्यांची संमती आईबापाने द्यायची असते. म्हणजे आजोबांच्या ठोक्यांची संमती नातीने दिली आणि नातीची मी द्यायला हवी होती. कोणत्यातरी वकिलाने हे सोडवून दाखवावं.

आता ताजी भानगड. दिवाळीला दिराच्या डोक्यात आलंय की आईंना स्मार्ट अंगठी घ्यायची, कारण बांगड्या असतात म्हणून घड्याळ त्या घालत नाहीत. फिनलंडच्या औराची अंगठी गाजली, आपल्या बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमनची पण आहे, झोप मोजते, ठोके मोजते, अंगठीत पडदा नसतो त्यामुळे जे काय दिसायचं ते सगळं फोनमध्येच. व्हिडिओ कॉल सुरू होता. आईंनी आधी विचारलं कणीक मळताना काढायची का. मग विचारलं चार्ज कशी करायची. मग दीर म्हणाला, तू काही करू नको आई, मी माझ्या फोनला जोडून देतो, इथून लक्ष ठेवीन तुझ्या झोपेवर.

आईंनी चष्मा वर केला. "माझी झोप तू पुण्याहून पाहशील? अन् मी काय पाहू?"

त्यांचा फोन म्हणजे लेकीचा जुना, तिच्याआधी माझा होता, मेमरी फुल्ल, कोपऱ्यात काच तडकलेली, त्यात अंगठीचं ॲप टाकायला गेलो तर प्ले स्टोअर म्हणतं तुमच्या साधनावर चालणार नाही. आमच्या घरातल्या दोन्ही म्हाताऱ्यांच्या वस्तू दुसऱ्यांच्या खात्यावर का आहेत याचं कारण अर्धं इथेच आहे. सहा हजाराचं घड्याळ त्यांना हौसेने घेऊन देतो आपण, पण फोन मात्र उतरलेला.

दीर म्हणाला बरं बघू. आई म्हणाल्या बघू नाही, अंगठीचे पैसे मले दे, मी फोन घेतो. त्यामुळे अंगठी सध्या बाजूला आणि येत्या रविवारी मी आणि आई बर्डीवर. बजेट पंधरा हजार, अक्षर मोठं दिसलं पाहिजे, आवाज मोठा पाहिजे, आणि सिम त्यांच्या स्वतःच्या आधारवर काढायचं आहे. आधार लॅमिनेट करून त्यांनी आत्ताच पर्समध्ये ठेवलंय.